गाळात घातलेला घट

मी लेखक नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, आणि लिहायला घेतोय ते नाल्याच्या गाळाबद्दल. वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव तासगावच्या बाजूला. उन्हाळ्यात नाला उपसला की गाळ रानात टाकायचा, ही रीतच. पण नाल्याकाठी इंजिन दुरुस्तीचं दुकान निघालं होतं. त्या वर्षी वडिलांनी गाडीनं आणलेल्या गाळाला डिझेलचा वास होता. बघावं म्हणून थोडा पसरला, तर तिथला वैरणीचा जोंधळा पिवळा पडला.

सांगलीला कॉलेजात सरांनी सांगितलं होतं की, शेणापाचटाच्या तापलेल्या ढिगात जंतू तेलसुद्धा खातात. मला ते नीट कळलं होतं असं नाही, तरी घरी बोललो.

"जंतू त्याल खात्यात? मग पेंडबी त्यास्नीच घालू व्हय?" वडील म्हणाले. "कर. दसऱ्यापतोर त्यात काय उगवलं तर ठीक. न्हाई तर समदा गाळ परत नाल्यात."

पाचट, शेण, गाळ असे थर लावले. थोड्याच दिवसांत सकाळी ढिगातून वाफा निघू लागल्या. मी आत हात घातला आणि ओरडतच बाहेर काढला.

"अगं ये, बघ!" वडिलांनी आईला हाक मारली. "तुझ्या पोराचं इंजान चालू झालं!"

मी ढिगाभोवती अक्षरशः नाचलो. दर रविवारी सांगलीहून जाऊन ढीग खालीवर करायचो. परतताना एसटीत माझ्या शेजारी कुणी बसत नसे, त्याचाही मला अभिमान वाटे. हळूहळू डिझेलचा वास गेला, ओल्या मातीचा येऊ लागला.

नवरात्रात परीक्षा होती, म्हणून सांगलीतच राहिलो. घरचा डबा एसटीनं यायचा. डबा देताना आमच्या गावचा कंडक्टर म्हणाला, "तुज्या आईनं घट तुज्या ढिगातल्या मातीत घातलाय. काळी, भुसभुशीत दिसली म्हनं. बापाला आज कळलं. उगवला न्हाई तर गावात पाय ठेवू नगंस, गड्या!"

घट न उगवणं म्हणजे केवढा अपशकुन! भीतीही वाटली, आणि हसूही आवरेना. माझा पेपर आता देवीच तपासत होती.

दसऱ्याला संध्याकाळी स्टँडवर गेलो. कंडक्टर खाली उतरला. त्याच्या टोपीत पिवळेधमक कोंब खोवलेले होते, चांगले वीतभर.

"बापानं आख्ख्या आळीच्या टोप्यांत खोवल्यात," तो म्हणाला. "आन् सांगितलंय, शेजारच्यांचाबी गाळ आपल्याच बांधाला आणून टाकलाय. लवकर ये."