पुढील आदेशापर्यंत रामटेके बाई

रामटेके बाई पहिल्यांदा नागपुरातल्या सदर भागातल्या माझ्या ऑफिसात आल्या, तेव्हा मला नमस्कार करायच्या आधी त्यांनी माझ्या माठाला हात घातला. झाकण काढलं, आत डोकावून पाहिलं आणि माझ्या मुन्शीला, गुलाबला, म्हणाल्या, "हा गिलास आतमंदी बुडवतं का गा तू? हात धुतले होते? ओगराळं ठेव न बाबा. अख्ख्या सदरले जुलाब लावशीन."

मे महिन्यातली दुपार. पक्षकार माझ्याकडे येतात ते घाम पुसत, हात जोडून, अर्धे रडवेले. ही बाई आली ती जणू तपासणीला. मी भडकलो. तसा मी लवकरच भडकतो, आमची सौ. म्हणायची, तुमच्या डोक्यावर आधण ठेवलं तर चहा होईल.

"बाई, केस घेऊन आलात की माझा माठ बघायला?"

"दोन्ही," त्या शांतपणे म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "पहिले पाणी, मंग माणूस. माह्या खात्यात असंच राहते."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. पुढे ते इतक्या वेळा ऐकलं की माझी नातवंडंही म्हणू लागली.

डॉ. इंदू रामटेके. ठेंगणी, सावळी मूर्ती, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी चपला आणि हातात बारा महिने काळी छत्री. वडील गिरणीत कामाला. छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी त्या मेडिकलला शिकत होत्या. वडिलांचा हात धरून त्या गर्दीत उभ्या होत्या, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. लग्न केलं नाही. इंग्रजी माझ्याहून चांगलं. साहेबांसमोर ते फाडफाड बोलत आणि बाहेर पडलं की पुन्हा वस्तीतली नागपुरी. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाल्या, "पोट दुखते तवा माणूस इंग्रजीत कण्हते का, वकीलसाहेब?"

त्यांची भानगड अशी होती. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याची जागा रिकामी पडली. उन्हातान्हात गावोगाव फिरायचं, विहिरी उपसायच्या, सरपंचांच्या शिव्या खायच्या. त्या वेळी कोणी पुढे येईना. बाईंना बसवलं. हुकूम निघाला: "तात्पुरती नेमणूक, पुढील आदेशापर्यंत." मुदत संपली की पुन्हा तसाच हुकूम, त्यानंतर पुन्हा तसाच. वर्षांमागून वर्षं हेच चाललं. आणि दर दोन हुकमांच्या मध्ये एका दिवसाचा खंड. त्या दिवशी बाईंनी चार्ज खालच्या डॉक्टरकडे द्यायचा, घरी बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी नवा हुकूम घेऊन त्याच खुर्चीत यायचं. खंड पाडला की खात्याला म्हणता येतं, ही सलग नोकरी कुठे आहे? ही तर दर वेळची नवी नेमणूक!

बाईंनी जिल्हा रुळावर आणला, जीप आली, ऑफिसला रंग लागला, आणि त्या खुर्चीकडे लोकांची नजर वळली. एक दिवस नवा हुकूम आला: बाईंनी मौद्याच्या दवाखान्यात रुजू व्हावं, त्यांच्या जागी डॉ. काळबांडे. काळबांडे त्यांच्याच हाताखालचा, वयानं आणि नोकरीनं लहान. दर खंडाला कागदोपत्री चार्ज घेणारा तो हाच.

"मले जागा पाहिजे," बाई म्हणाल्या. "लाजून काय सांगू? मले ती जागा आवडते. वस्तीत जीप शिरली का पोरी मांगंमांगं धावतात. म्हणतात, आम्हीबी मोठ्या झालो का अशीच जीप आणू. आता त्यायले काय सांगू? बाईची जीप सरकारनं वापस नेली?"

हे ऐकलं आणि माझा पारा पुन्हा चढला, पण या वेळी खात्यावर. हायकोर्टात अर्ज लावला, स्थगिती मिळवली. बाई खुर्चीत राहिल्या. पण स्थगिती म्हणजे काही निकाल नव्हे. मुद्दा एकच होता. ते खंड केवळ कागदावरचे होते, त्या दिवशीही बाई कामावरच होत्या, हे दाखवलं की नोकरी सलग ठरली. आणि नोकरी सलग ठरली की त्यांच्याहून लहान माणसाला तिथे बसवता येत नव्हतं.

"खंडाच्या दिवशी काय करत होता तुम्ही?" मी विचारलं.

"घरी होती. शेवया केल्या."

"दर वेळी शेवयाच?"

"मले आवडतात," म्हणाल्या आणि छताच्या पंख्याकडे पाहू लागल्या. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मी वकील आहे.

त्यांचं खोटं उघडं पडलं ते माझ्याच जिन्यात. कुहीकडचा एक म्हातारा धानाच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, वाटणीसाठी माझ्याकडे यायचा. तो चढत होता आणि बाई उतरत होत्या. त्यानं जिन्यातच त्यांचे पाय धरले. बाई त्याच्यावर खेकसल्या, "ऊठ गा, जिना किती घाण हाय!" आणि पसार झाल्या. म्हातारा वर आला तो डोळे पुसत. त्यांच्या गावात पटकीची साथ आली होती. बाईंनी शाळेच्या ओसरीत रोग्यांना ओळीनं निजवलं, स्वतःच्या हातानं सलाईन लावल्या, सरपंचाची विहीर बंद करून तिच्यावर स्वतः बसून राहिल्या.

"माही सून वाचली साहेब, नाहीतर गेलीच होती."

"हे कधीचं?"

"तान्ह्या पोळ्याले. लेकराईचे लाकडी बैल तसेच आंगनात पडून होते. कोन मिरवते?"

मी साल विचारून घेतलं, हुकूम काढून तारीख पडताळली. त्या वर्षीचा खंड बरोब्बर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी होता. मी गुलाबला मिठी मारायचंच बाकी ठेवलं. अख्खं गाव साक्षीला! केस खिशात!

बाईंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही लिहायचं."

"का?"

मग बाईंनी सांगितलं. त्या दिवशी चार्ज काळबांडेकडे होता. सकाळी साथीची खबर आली तेव्हा त्याची बायको बाळंतपणात अडलेली. पहिलीच खेप. तो ऑफिसच्या व्हरांड्यात उभा, ना इकडे जाववे ना तिकडे. बाई नेमक्या कुठलीशी किल्ली द्यायला आल्या होत्या. "म्या म्हटलं, जा गा तू बायकोजवळ. गावाचं मी पाहून घेईन. कोणाले सांगणार नाही. आता मी तिथी होती असं लिहलं, तर जज पहिले काय विचारन? ज्याच्याकडे चार्ज होता तो कोठी होता? साथीत गाव सोडलं म्हणून त्याची नोकरीच जाईन."

"अहो, पण हाच माणूस तुमच्या खुर्चीत बसतोय!" मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत सांडली.

"होय नं."

"मग?"

"मंग काय? शब्द देल्ला होता म्या. तो खुर्चीत बसून राहिला म्हणून काय शब्द वापस घेऊ?"

"निदान त्यानं तरी तोंड उघडावं!"

"त्यानं उघडावं," बाई म्हणाल्या. "म्या नाही."

सुनावणीच्या दिवशी मी काळबांडेकडे डोळे लावून बसलो. तो सरकारी वकिलाच्या मागच्या बाकावर, नजर बुटांवर. एकदा उठल्यासारखा झाला, मला वाटलं आता बोलतो. पण खिशातून रुमाल काढून पुन्हा बसला. बाहेर मला गाठून हळूच विचारतो, "बाई बऱ्या आहेत ना?" मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही हरलो. बाईंनी निकाल उभ्यानं वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की खंडाच्या दिवशी अर्जदारानं कोणतंही काम केलेलं नाही.

"काम केलं नाही, असं लिहलं हो," त्या म्हणाल्या. "खुर्ची गेली, जाऊ द्या. पण काम केलं नाही? बोटं सुजली होती माही सुया लावू लावू. मायच्या मांडीवरचं एक लेकरू माह्या डोळ्यापुढं गेलं त्या दिवशी. अन् हे म्हणतात, काम केलं नाही."

आणि कोर्टाच्या ओसरीत, सगळ्यांसमोर, त्या रडल्या. मला काय करावं सुचेना. मला अशा वेळी रागावण्याखेरीज काही येतही नाही. "आता रडून काय उपयोग? तेव्हा सांगत होतो ना!" असं मी ओरडलो. तर बाई रडता रडता हसल्या. "तुम्ही रागावले का बरं वाटते मले, वकीलसाहेब. घरचं कोणी असल्यावानी." त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही.

बाई मौद्याला गेल्या. भंडाऱ्याच्या कोर्टात काम निघालं की मी वाटेत उतरत असे. दवाखान्यामागच्या दोन खोल्या, अंगणात कढीपत्ता, आणि स्टोव्हवर कायम पाणी उकळतंय. एकदा मी विचारलं, राग नाही येत?

"येते नं! दरसाली पोळा आला का येते. साधू समजू नका मले." चहा गाळत त्या पुढे म्हणाल्या, "पण तो काळबांडे घाबरट हाय, वाईट नाही. आता कोठी साथ आली का सगळ्यात पहिले पोचते. मांगच्या पावसाळ्यात इथी आला होता. म्या जाऊन पाहिलं तर हा विहिरीत उतरून गाळ काढून राहिला! म्या म्हटलं, निघ बाहेर गा, साहेब हाय न तू?" आणि त्या अशा हसल्या की जणू आपल्याच पोराचं कौतुक सांगताहेत. मला ते कौतुक मुळीच आवडलं नाही.

मग काही वर्षांनी एके दिवशी दोघंही माझ्या दारात. पुढे बाई, मागे काळबांडे. खात्यानं त्याच्याशीही तोच खेळ केला होता: तात्पुरती नेमणूक, मध्ये खंड, आणि आता त्याच्याहून लहान माणूस त्याच्या जागी.

"याची केस घ्या," बाई म्हणाल्या.

"याची?" मी ताडकन उठलो. "याची मी—"

"बसा पहिले. बीपी वाढन." मी बसलो. "विहिरीत उतरला होता नं हा, तो दिवस खंडाचाच होता. मी होती तिथी. मी शपथेवर लिहून देईन."

म्हणजे जो मुद्दा त्यांनी स्वतःसाठी वापरू दिला नाही, तोच त्या याच्यासाठी घेऊन आल्या होत्या. अहो, काय म्हणावं अशा बाईला? मी दात-ओठ खात गुलाबला टाइपरायटरवर बसवलं आणि काळबांडेचं प्रतिज्ञापत्र सांगायला लागलो.

"थांबा," काळबांडे म्हणाला. एवढ्या वर्षांत मी त्याचा आवाज नीट पहिल्यांदा ऐकला. "आधी तान्ह्या पोळ्याचं लिहा. चार्ज माझ्याकडे होता. मी गेलो नाही. बाई गेल्या."

"काहून गा?" बाई ओरडल्या. "येडा झाला का? कोणं विचारलं तुले?"

मी त्याला वकील म्हणून समजावलं: हे लिहिलंस तर सरकारी वकील यावरच झडप घालेल. केस पडेल, वर चौकशी लागेल.

"माहीत आहे," तो म्हणाला. "माझी मुलगी विचारते, बाबा, मी झाले त्या दिवशी तुम्ही कुठे होता? मी सांगतो, तुझ्या आईजवळ. पण त्या दिवशी माझ्या जागी कोण गेलं होतं, हे मला तिला आजवर सांगता आलेलं नाही. लिहा."

मी ते कलम सर्वात वर घातलं आणि कोर्टात मोठ्यानं वाचलं. मी म्हणालो होतो तसंच झालं. सरकारी वकिलानं झडप घातली, पुढे केस पडली, चौकशी झाली, वेतनवाढ थांबली, आणि काळबांडेही एका तालुक्याच्या दवाखान्यात गेला. ती शिक्षा त्यानं मुकाट्यानं भोगली. बाई निवृत्त झाल्या आणि नंतर काही वर्षांनी गेल्या. त्यांना खांदा द्यायला तो आला होता. मी त्याच्याशी बोललो. बराच वेळ बोललो.

पण बाईंची आठवण आली की मला दिसते ती काळबांडेच्या सुनावणीची दुपार. मी वाचत होतो तेव्हा त्या मागच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काम संपलं, काळबांडे रिक्षा आणायला गेला, आणि आम्ही दोघं पायऱ्यांवर उभे राहिलो. मौद्याची एस.टी. गाठायची होती, तरी बाई हलेनात.

"वकीलसाहेब, ते पहिलं कलम मराठीत सांगा न."

"तुम्हाला माझ्याहून चांगलं इंग्रजी येतं, बाई."

"येते. पण सांगा."

मी फाइल उघडली आणि तिथेच, उन्हात, सांगितलं: "त्या दिवशी गावात मी नव्हतो. डॉक्टर इंदू रामटेके होत्या. सगळं काम त्यांनी केलं."

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. रिक्षा आली, काळबांडेनं हाक मारली. बाईंनी त्याला हातानं थांब म्हटलं.

"अजून एक डाव," त्या म्हणाल्या. "जरा जोरानं."

मी पुन्हा वाचलं.