उसन्या पत्त्याची सरासरी

डस्टर कपाळाला लागलं. डाव्या भुवईच्या वर, लाकडी बाजूने. खडूची पूड डोळ्यात गेली आणि सगळा वर्ग हसला.

मी फक्त एक प्रश्न विचारला होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, गणिताचा तास. सर सरासरी शिकवत होते. उदाहरण म्हणून त्यांनी आमच्याच कॉलेजची सरासरी फी फळ्यावर लिहिली होती. आदल्या आठवड्यात संस्थेच्या अध्यक्षांनी तोच आकडा पेपरात छापून आणला होता. आमची फी कोणत्याही सामान्य घराला परवडते, म्हणून. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ही फी वर्गात कुणीच भरत नाही."

खरंच कुणी भरत नव्हतं. तेव्हा फ्री सीट आणि पेमेंट सीट असा प्रकार होता. फ्री सीटवाले थोडं भरायचे, पेमेंट सीटवाले त्याच्या कितीतरी पट. माझ्यासारखीची फी सरकार भरायचं. सगळ्यांची बेरीज करून डोक्यांनी भागलं की मधेच कुठेतरी एक आकडा निघायचा, दिसायला गोंडस. त्या आकड्यावर विसंबून एखादा बाप पोरीला घेऊन यायचा, वाट्याला पेमेंट सीट आलेली असायची, आणि ऑफिसच्या खिडकीवरूनच तो परत फिरायचा. असे बाप मी पाहिले होते. पोरगी पुढे चालायची आणि बाप मागे रेंगाळायचा.

सरांनी विचारलं, "तू किती भरतेस?"

माझी फी सरकार भरतं, हे त्यांना माहीत होतं.

"फुकट शिकता ते शिकता, वर आम्हालाच अक्कल शिकवता?" असं म्हणून त्यांनी डस्टर फेकलं. आमच्यासारख्यांच्या नावापुढे शून्य धरल्यामुळेच तो आकडा पेपरात छापण्याइतका लहान झाला होता. छापायला आम्ही चालत होतो, वर्गात बोललेलं चालत नव्हतं.

मी कपाळाला रुमाल लावून बसले. सरांनी दुसरं उदाहरण घेतलं. शहराच्या कोणत्या भागात माणशी गुन्हे जास्त, सांगा. मागच्या बाकावरून आवाज आला, नदीपलीकडे, जेलच्या मागे. कुणीतरी म्हणालं, बॅगा सांभाळा रे. सरही हसले. मग त्यांनी वर्गावरून नजर फिरवत विचारलं की तिकडचं कुणी आहे का इथे.

मी हात वर केला नाही. कॉलेजच्या रजिस्टरात माझा पत्ता कसबा पेठेचा होता. राहायला मात्र मी येरवड्यालाच होते. जेलच्या मागे, वस्तीत, जन्मापासून.

आमच्या वस्तीत ती रीतच होती. पोर शिकायला लागलं, नोकरीचा अर्ज करायची वेळ आली, की पत्ता उसना आणायचा. कुणी मावशीचा आणायचं, कुणी मालकाचा. वस्तीचं नाव वाचलं की अर्ज बाजूला पडतो, हे प्रत्येक घराने एकदा तरी भोगलं होतं. माझे बाबा कसब्यात एका भांड्यांच्या दुकानात हमाली करायचे. शेटनी पत्ता वापरू दिला. "पत्ता दिलाय, पाटी लावू नका," एवढंच म्हणाले. त्या उपकाराच्या बदल्यात दर दिवाळीला आई त्यांचा जिना आणि मोरी धुवायला जायची. शेटाणी वरून पाणी ओतायची. बादलीला हात लावू द्यायची नाही. पाणी आईच्या पाठीवर पडायचं, आणि मी खालच्या पायरीवर उभी राहून ते बघायचे. तेव्हापासून मला कसबा पेठ म्हटलं की ओली पाठ आठवते.

घरात आणखी एक जण होता, माझा मोठा भाऊ. दादा. आम्हा दोघांपैकी एकालाच शिकवणं बाबांना झेपणार होतं. दादाने दहावीनंतर दप्तर माझ्याकडे सरकवलं आणि तो नटबोल्टच्या कारखान्यात लागला. आठवड्याआड पाळी बदलायची. घरी आला की त्याच्या अंगाला तेलाचा वास यायचा, आणि मी अभ्यास करत असले की तो जेवायलासुद्धा आवाज न करता बसायचा.

त्या वर्षांत वस्तीसमोरचा माळ बघता बघता विकला गेला. काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. कॉम्प्युटरवाल्यांचे बंगले झाले. वस्तीतल्या बायका तिथे धुणंभांडी करायला जाऊ लागल्या. चोऱ्याही तिथेच व्हायच्या, कारण चोरण्यासारखं तिथेच होतं. बंगल्यापुढच्या गाडीतला टेप गेला तरी चौकीत लगेच नोंद व्हायची. माझ्या आईच्या गळ्यातली पोत भररस्त्यात ओढली, मान सोलवटली, तेव्हा हवालदार तिला म्हणाला, घरात शोधा बाई, पडली असेल. बंगल्यातला गुन्हा मोजायचा. आमच्यावर झालेला मोजायचा नाही. आणि येईल तो आकडा आमच्या डोक्यावर मारायचा.

एका रविवारी सकाळी गाड्या आल्या. आदल्या रात्री बंगल्यात घरफोडी झाली होती. पोलिसांनी वस्तीतले सगळे पुरुष घराघरांतून ओढून काढले, विहारापुढच्या मोकळ्या जागेत उकिडवे बसवले आणि कान धरायला लावले. म्हाताऱ्यांनासुद्धा. दादा नुकताच रात्रपाळीवरून येत होता. अंगावर कारखान्याचा गणवेश, हातात डबा. तो आपणहून पुढे गेला आणि म्हणाला, "साहेब, मी पाळीवर व्हतो. कार्ड बघा."

कार्ड कुणी बघितलं नाही. काठीचं टोक त्याच्या तोंडावर बसलं. डबा उघडून कोरडी पोळी मातीत पडली. दादा वाकला तसा पाठीवर बूट. आई मधे पडली, तिला ढकललं. मी दारात उभी होते. मला त्या क्षणी कुणाचा तरी गळा दाबावासा वाटत होता आणि मी चौकटच धरून राहिले. दादाला केसाला धरून गाडीत फेकलं आणि गाडी गेली.

बाबा आणि मी चौकीकडे निघालो. कोपऱ्यावर बाबा थांबले. पुढे यायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांनी मला शिकवलं, "आत गेलीस की कसब्याचं सांग. आमचा हमाल हाय म्हण. सोडत्यात." हीसुद्धा रीतच होती. उसना पत्ता असलेल्याने जायचं, पकडलेल्याला आपला नोकर म्हणायचं, आणि सोडवून आणायचं. शेजारच्यांनी असंच केलं होतं. सुटून आलेले पुढे कधी त्याबद्दल बोलायचे नाहीत.

मी आत गेले. चष्मा, खांद्याला बॅग, स्वच्छ ड्रेस. टेबलामागे चौकीचे साहेब बसले होते. कॉलेजचं कार्ड पुढे केलं. त्यांनी पत्ता वाचला आणि आवाज बदलला. खुर्ची दिली. पाणी मागवलं. "बोला, आपलं काय काम होतं?"

आपलं. माझ्या जन्मात कुणा पोलिसाने मला आपण म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, सकाळी आणलेल्यांपैकी एकाची चौकशी करायची आहे. नाव सांगितलं. मागच्या खोलीतून आवाज येत होता. पट्टा हवेत उठल्याचा, मग पडल्याचा, मग माणसाचा. पहिल्यांदा मी ओळखला नाही. दादाला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

साहेब अगदी शांत होते. भिंतीवरचा गुन्ह्यांचा तक्ता दाखवत ते मला समजावू लागले. आपण शिकलेल्या आहात, आपल्याला सरासरी कळते, असं म्हणाले. या वस्तीत शिकलेलं माणूस शोधून सापडायचं नाही आणि आरोपी मात्र गल्लीगल्लीत. त्यामुळे पुरावा बघत बसायला नको. मूठभर उचलायचे, त्यात एखादा निघतोच.

मी त्या तक्त्याकडे बघत होते. त्या वस्तीतली शिकलेली बाई त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून त्यांचंच पाणी पीत होती, आणि त्यांच्या हिशेबात ती कसबा पेठेत होती. मग एकेक घर डोळ्यांपुढे आलं. आमच्या बोळातली नर्स, तिचा पत्ता तिच्या आत्याचा. पलीकडचा मास्तर, त्याचा पत्ता सासऱ्याचा. बँकेत लागलेला, तोही दुसरीकडचाच. जो शिकला, ज्याला काम लागलं, तो कागदावरून वस्ती सोडून गेलेला. ज्याला पोलिसांनी उचललं त्याचा पत्ता मात्र पोलीस स्वतः लिहायचे, आणि तो बरोबर लिहायचे. आमचे चांगले सगळे दुसऱ्यांच्या खात्यात आणि मार खाल्लेले तेवढे आमच्या. हा आकडा आम्हीच भीतीपोटी त्यांच्या हातात दिला होता. माझं डोकं तापलं. पाण्याचा पेला तसाच हातात होता.

साहेबांनी विचारलं, "आपल्याकडे कामाला आहे का तो?"

मी बोलायच्या आत त्यांनी हाक मारली आणि दादाला बाहेर आणलं. दोघांनी धरून. ओठ फाटलेला. उजव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना चिकटलेली. पायांचे तळवे टेकवत नव्हते. त्याने मला बघितलं. खुर्ची बघितली, पेला बघितला. त्याला सगळं कळलं. लहानपणापासून आम्ही सगळेच हे शिकलो होतो. तो खाली मान घालून म्हणाला, "मी यांचा हमाल हाय, साहेब. ताईसाहेब, माफ करा, तुमाला इथं यावं लागलं."

ताईसाहेब. ज्याने मला अंगाखांद्यावर खेळवलं, तो मला ताईसाहेब म्हणाला.

मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर आम्ही तेव्हाच घरी गेलो असतो. मी पेला टेबलावर आपटला. तो फुटला. मी उठले आणि म्हणाले, "हमाल नाही. हा माझा सख्खा भाऊ आहे. मी याच वस्तीत राहते."

साहेबांनी कार्ड पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "अस्सं. म्हणजे तू त्यातलीच. खोटा पत्ता देऊन कॉलेजात शिरलीस."

‘आपण’चं ‘तू’ व्हायला एवढाच वेळ लागला. महिला पोलिसाला बोलावलं. तिने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला भिंतीवर आपटलं. चष्मा गेला. दुसऱ्या थपडेला तोंडात रक्त आलं. मी तिच्या हाताला चावले. खरंच चावले, दात रुतेपर्यंत. मग काठी मांड्यांवर, कमरेवर, पाठीवर. पलीकडे दादाला पुन्हा आत नेलं आणि पुन्हा पट्टा सुरू झाला. आता ते मला ऐकवण्यासाठी मारत होते. मी ओरडत होते, आम्ही दोघं बहीणभाऊ आहोत, लिहा, वस्तीचा पत्ता लिहा. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुपारनंतर वस्तीतल्या बायका आल्या. कामं टाकून, तशाच खरकट्या हातांनी. आईने त्यांना आणलं होतं. त्या चौकीच्या दारात बसल्या आणि उठेनात. बंगल्यांमधून फोन आले असावेत, भांडी पडून राहिली होती. संध्याकाळी आम्हाला सोडलं. घरफोडी कुणी केली ते मला आजही माहीत नाही.

सरकारी दवाखान्यात दादाच्या हाताला प्लॅस्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता पूर्वीसारखी वळणार नाहीत. म्हणजे मशिन गेलं. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "एक शबुद गिळला असतास, तर हात वाचला असता माझा."

तो खोटं बोलत नव्हता. त्याची ती बोटं मला दिसतात, भाकरी मोडताना, बटण लावताना. पण मी हो म्हटलं असतं तर दादा आयुष्यभर माझा हमाल राहिला असता. मला ते जमलं नसतं. आजही जमणार नाही.

रात्रभर आई माझ्या पाठीला हळद लावत होती. मी तिला सांगितलं, यंदापासून जिना धुवायला जायचं नाही. तिने वाटीतून आणखी हळद घेतली.

सकाळी मी पुन्हा चौकीत गेले. चष्म्याशिवाय, सुजलेल्या तोंडाने, एकटी. टेबलापाशी हवालदार होता. मी म्हणाले, तक्रार लिहायची आहे. कुणाविरुद्ध, त्याने विचारलं. मी साहेबांचं नाव घेतलं. तो हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला. म्हणाला, घरी जा पोरी, कशाला आयुष्याचं वाटोळं करून घेतेस.

मी फरशीवर मांडी घालून बसले. मारहाण झाली ती या चौकीच्या हद्दीत. झाली ती आम्हाला. इथे झालेल्या गुन्ह्यांत हा गुन्हा मोजला गेला पाहिजे, आणि आईची पोतही मोजली गेली पाहिजे. वस्तीत जाऊन मी प्रत्येक घराला सांगणार होते की इथून पुढे पत्ता आपलाच लिहायचा, नोकरी मिळो की जावो. नर्सला, मास्तरला, सगळ्यांना. आधी मात्र हे एक लिहून घ्यायचं होतं.

हवालदार म्हणाला, "उठतेस का उठवू?"

मी म्हणाले, "उठवा. मग तोही गुन्हा लिहावा लागेल. ‘राहणार’च्या पुढे काय लिहायचं ते मी सांगते."