गोदामावशीचा संशय

जावेच्या हातचा चहा आला की गोदामावशी तो बशीत ओतून हुंगायची, मग मांजरापुढं ठेवायची. मांजर ठणठणीत राहिलं तरी स्वतः प्यायची नाही ती नाहीच. "ग्वाड बोलनारीच्या हातचं पानीबी पारखून प्यावं," म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं प्यायला पाणी नव्हतं, म्हणून मला तिच्याकडं कोल्हारला ठेवलं होतं. हुंगण्याचे धडे मलाही मिळत.

मावशीच्या पदरात मूल नव्हतं, आणि तिशीच्या आतच तिची पाळी थांबली. आधी दिवस राहिले म्हणून सासूनं कौतुक केलं. पोट काही दिसेना, तशी घरात दुसरी सून आणायची बोलणी निघाली. "जावंनंच मला कायतरी चारलं," मावशी शपथेवर सांगायची. बिचारी जाऊ!

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "तुमच्या आईची, बहिणीची पाळी कधी गेली? हे कधीकधी रक्तातूनच येतं."

मावशी भडकली. "माज्या म्हायेराचं नाव काढू नका! भनीला दर म्हयन्याला कावळा शिवतो." बाहेर आल्यावर मला म्हणते, "जावंनं हिलाबी फितवली."

ही बहीण म्हणजे माझी आई. दिवाळीला मावशी आमच्याकडं आली, तेव्हा आई नेहमीसारखी बाजूला बसली होती. मावशीनं परडं धुंडाळलं, न्हाणी धुंडाळली.

"आक्का, तुजं पाळीचं धुनं कुटं हाय?"

आईचा चेहरा उतरला. "माजं कवाच थांबलंय गं. आपल्या आईचंबी तसंच हुतं. लोक नावं ठेवतील म्हनून बसती."

"आन् मी इतकी वरसं जावंवर आळ घेतला!" मावशी ढसाढसा रडली. कोल्हारला जाऊन तिनं जावेचे पाय धरले. जाऊ नुसतं "असू द्या" म्हणाली, पुन्हा मोकळी कधी झाली नाही. सवत तर आलीच.

पुढं मला बघायला पाहुणे आले. त्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या असतानाच मावशी माजघरातून बाहेर आली.

"पोरीच्या आईकडच्या बायांची पाळी लवकर जाती. रगतातच हाय. हिचं काय व्हईल, देवाला ठावं. संशय घ्यायचा तर आत्ताच घ्या. मागनं पोरीला छळायचं न्हाई."

पाहुणे उठून गेले. आई तिच्यावर धावलीच, "मोडलंस का माज्या पोरीचं लगीन!"

मावशीनं मला जवळ ओढलं.

"लगीन मोडलं गं. पोर तर न्हाई मोडली."