वायव्य कोपऱ्यातलं रिकामं घर

ऑस्लर काउंटीत एक कुजबुज बरीच वर्षं चालली. आर्लिस ट्याडनने हार्लो विटरॉकला कागदावरून पुसलं ते मुद्दाम, अशी. एक्केचाळीस साली शाळेच्या नाचाला तो तिला न्यायला येणार होता, आलाच नाही. बाईने शेहेचाळीस वर्षं राग पोटात मुरवला आणि संधी मिळताच व्याजासकट वसूल केला. मेव्हिसच्या कॅफेत ही गोष्ट कॉफीबरोबर फुकट मिळे. मेव्हिस त्या दिवशीच्या झग्याचा रंगसुद्धा सांगे. पिवळा. तेव्हा ती पाच वर्षांची होती, पण अशा बारीकसारीक गोष्टींनी मेव्हिस कधी अडली नाही.

आर्लिसने अठ्ठावीस वर्षं शाळेची बस हाकली होती. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या त्या भागात दर मैलाला एक खडीचा रस्ता, सगळे काटकोनात, जणू कुणी पाटीवर पट्टी धरून रेघा ओढल्यात. कुठल्या कोपऱ्यावर कुणाचं कुत्रं चाकामागे लागतं हे आर्लिसला डोळे मिटून ठाऊक. फक्त नदीपलीकडचा वायव्य कोपरा तिचा नव्हता. तिथे पोरंच नव्हती, मग बस कशाला जाईल? त्या बाजूची उरलीसुरली माणसं बाजाराला, प्रार्थनेला, दाढदुखीलासुद्धा शेजारच्या काउंटीत जात.

माणसं तर सगळीकडूनच कमी होत होती. रस्ते मात्र तेवढेच. शेवटी सत्त्याऐंशीच्या वसंतात काउंटी बोर्डाने ठरवलं, की ज्या रस्त्यावर कुणी राहत नाही तिथे यापुढे खडी नाही आणि बर्फही काढायचं नाही. त्यासाठी घरोघर जाऊन माणसं मोजायला हवीत. हे काम आर्लिसशिवाय कोण करणार? सूचना एकच होती: प्रत्येक दार ठोठावायचं.

तिने आठ आठवडे दारं ठोठावली. मोजणीत चार हजार एकशे अठरा माणसं भरली. बोर्डाने पाठ थोपटली, वर्तमानपत्रात फोटो आला. आर्लिसने तो कापून फ्रिजवर लावला.

त्या यादीत वायव्य कोपऱ्यातल्या शेवटच्या घरापुढे तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: रिकामं.

घरात हार्लो होता. चौसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, बावीस दुभत्या गायींसकट.

शरदात त्याच्या रस्त्याच्या तोंडाशी पाटी लागली, की पुढे देखभाल नाही. जानेवारीत चार दिवस बर्फ कोसळलं. दुधाचा टँकर पाटीपर्यंत आला आणि मागे फिरला. बर्फ काढणारा डूएन पाटीपाशी थांबला, त्याने ऑफिसात फोन केला.

"अहो, आत माणूस आहे. धूर दिसतोय मला."

"कागदावर नाही," पलीकडून उत्तर आलं. "असेल तर त्याने स्वतः येऊन अर्ज द्यावा. एप्रिलच्या बैठकीत बघू."

हार्लो गेला नाही. अकरा दिवस त्याने दूध काढलं आणि बर्फात ओतलं. बाराव्या दिवशी भाड्याने यंत्र आणून वाट मोकळी केली ती गायी विकून बाहेर काढायला. फेब्रुवारीत तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या चाळवजा इमारतीत दोन खोल्यांत राहायला आला. आणि वायव्य कोपऱ्यातलं घर खरोखरच रिकामं झालं. आर्लिसचा कागद आता अगदी बिनचूक होता.

फ्रिजवरचा फोटो तिने त्याच आठवड्यात उतरवला.

मग ती दर गुरुवारी त्याच्याकडे दालचिनीचे रोल घेऊन जाऊ लागली. कॅफेला हे सोन्याहून पिवळं.

"आधी घरादाराला मुकवलं, आता गोड भरवतेय," डूएन म्हणाला.

"नाचाचं राहिलंय ना त्यांचं," मेव्हिसने कप भरत ठोकून दिलं. "आर्लिस, अगं त्याला विचार तरी, गुडघे चालतात का अजून!"

आर्लिस हसली आणि अर्धी कॉफी टाकून उठली. हसण्याचीही तिला लाज वाटली. गायींचा विषय कुणी काढत नव्हतं. थट्टा करत होते, म्हणजे माफच करत होते एक प्रकारे, आणि ते तिला सोसत नव्हतं.

त्या गुरुवारी तिने रोल टेबलावर ठेवले, कोट काढला नाही.

"हार्लो, तुझं घर रिकामं लिहिलं ते मी."

"ठाऊक आहे."

"डूएनने सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? खिडकीत होतो मी. तुझी गाडी रस्त्यावरच्या माझ्या पत्रपेटीपाशी थांबली. म्हटलं, चला, पाहुणा येतोय. कॉफी टाकली. शर्टसुद्धा बदलला, हसू नकोस. बघतो तर गाडी वळलेली."

आर्लिस हसत नव्हती.

"मग बोर्डापुढे का नाही बोललास?"

"काय बोलू? साहेब, मी आहे? जन्मल्यापासून त्याच घरात होतो मी. आता काय पुरावा नेऊ, गाय?" त्याने रोल उचलला, न खाताच परत ठेवला. "एकच सांग. का वळलीस? नाचाचा राग होता ना? कॅफेत म्हणतात सगळे. असेल तर माझं काही म्हणणं नाही. चूक माझीच होती. ऐन वेळी घाबरलो." तो तिच्याकडे पाहत राहिला. "इतकी वर्षं कुणी आपल्यावर रागावून आहे, हे काही वाईट नाही गं."

हो म्हटलं असतं तर दोघांचीही शोभा राहिली असती. त्याला ते ऐकायचंच होतं. आर्लिस कोटासकटच खुर्चीवर बसली. मग जे होतं ते सांगितलं.

तिच्या मनात राग नव्हता. हार्लो अजून तिथे राहतो हेच तिला माहीत नव्हतं. नाच तर ती विसरूनही गेली होती. पत्रपेटीपासून घरापर्यंतच्या वाटेवर चिखल होता. तिच्या पायांत नवे बूट होते. बारा वाजत आले होते आणि तिला भूक लागली होती.