माणसाची वारसनोंद

उत्क्रांतीच्या सिद्धांताला आजवर जितके विरोधक लाभले, त्या सगळ्यांत तो सिद्धांत मुळातून वाचलेला एकच असावा, आणि तो माझ्या नशिबी चुलतसासरा म्हणून आला. मी बिबवेवाडीतल्या, केंद्रीय बोर्डाच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. मला बघायला सगळे आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाची चौकशी केली. काकांनी विचारलं, "माणूस कुठून आला असं शिकवता आपण?" मी पुस्तकातलं सांगितलं. ते घरच्यांकडे वळून म्हणाले, "मुलगी चांगली आहे. शिकवते ते चूक आहे." आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

काकांचा विरोध धर्माचा नव्हता, कागदाचा होता. उभी हयात जमीनमोजणीच्या कचेरीत गेलेली. ज्याची नोंद नाही ते नाही, आणि दोन शेतांमध्ये हद्दीचा दगड नसेल तर ती दोन शेतंच नव्हेत, एवढंच त्यांचं अध्यात्म. "मासा कुठे संपला आणि बेडूक कुठे सुरू झाला? दगड दाखव. वानराच्या पश्चात माणसाचं नाव लागलं म्हणतेस, तर वारसनोंद दाखव." दरवर्षी मी तो धडा सुरू केला की काका शनिवार पेठेतून बस बदलत शाळेत यायचे, मुख्याध्यापिकांना हरकतीचा अर्ज द्यायचे, त्याची पोच घ्यायचे आणि जाता जाता माझ्या डब्यातली भाजी चाखून "मीठ कमी" असा शेरा मारायचे. शिपायाला तर धड्याची तारीख त्यांच्यावरूनच कळायची.

मात्र विरोध करायचा तो बरोबर गोष्टीला, हा त्यांचा बाणा. त्यासाठी त्यांनी जीवशास्त्राची इतकी जाड पुस्तकं वाचली की आमच्या स्टाफरूममध्ये तेवढी कुणी वाचली नसतील. त्यात मीही आले. एका लग्नाच्या पंगतीत काकांची हरकत ऐकून शेजारचे गृहस्थ उत्साहाने म्हणाले, "अगदी बरोबर बोललात! आमचे आजोबा काही माकड नव्हते." काकांनी हातातली जिलबी पानात ठेवली. "माकडापासून माणूस झाला असं कुणीही म्हणत नाही. दोघांचा पूर्वज एक, असं म्हणतात. ते खोटं आहे, पण खोटंसुद्धा नीट सांगावं. आणि आपल्या आजोबांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्याविषयी मत देत नाही." पलीकडचे दुसरे एक जण म्हणाले, आपल्या ऋषिमुनींना हे सगळं आधीच ठाऊक होतं. "हो का? मग सांगितलं का नाही? आपल्यासाठी राखून ठेवलं होतं वाटतं." आणि काकांनी जिलबी पुन्हा उचलली.

काका वाट बघत होते ती नात दहावीला जाण्याची. मुलगे, सुना, आम्ही सगळे त्यांच्यापुढे माना डोलवून मोकळे होणारे. ही पोरगी मात्र पाळण्यातच हट्टी निघाली, आणि त्यांनी तेव्हाच जाहीर केलं, "हिच्याशी मी वाद घालणार." ती माझ्याच शाळेत दहावीला आली, आणि नेमकी त्याच वर्षी दिल्लीची नवी पुस्तकं त्या धड्याशिवाय आली. मुलांवरचा भार कमी केला म्हणे. कोट्यवधी वर्षांचा भार, पण उतरवायला एक परिपत्रक पुरलं. पालकांनी एकच विचारलं, "परीक्षेला नाही ना?" नाही म्हटल्यावर सगळे सुखी झाले. आणि मी? खरं सांगते, मी हुश्श केलं. प्रिलिमच्या आधी पोर्शन संपणार होता.

काका आता पेढे घेऊन येणार, असं मला वाटलं. ते अर्ज घेऊन आले. 'सदर धडा पूर्ववत करण्यात यावा. अर्जदार : सदर धड्याचा विरोधक.' म्हणाले, "हरकत माझी होती. सुनावणी न घेता निकाल माझ्या बाजूने लावणारे हे कोण?" मग पेन पुढे केलं. "शिक्षिका म्हणून तुझी सही लागेल." मी म्हटलं, "काका, माझी नोकरी आहे." या माणसाकडे प्रत्येक वाक्याला उत्तर असायचं. त्या दिवशी त्यांनी पेनला टोपण लावलं, "बरं" म्हणाले, आणि डब्याकडे न बघता गेले.

नातीने तर, "आजोबा, सिलॅबसमध्ये नाहीये ते, चिल!" म्हणून विषयच संपवला. तेव्हा काकांनी जुनं पुस्तक काढलं आणि दर रविवारी सकाळी तो धडा तिला स्वतः शिकवायला घेतला. वाद घालायला समोर कुणीतरी हवं ना! एका रविवारी मी गेले होते. जन्मभराच्या विरोधकाने एकही मुद्दा लंगडा करून सांगितला नाही. हळूहळू होणारा बदल समजावताना म्हणाले, "मांजरी गावात नदीकाठची मोजणी केली होती मी. पंधरा वर्षांनी गेलो तर काठ भलतीकडेच. कोणत्या दिवशी सरकला विचारशील, तर असा दिवस नाही." नात पेन चावत थांबली. "मग आजोबा, मासा आणि बेडकाच्या मधला दगड तुम्ही का मागता? सेमच आहे की हे!"

काकांनी चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. "हरकत नोंदवून घेतली," म्हणाले. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, तिथे येऊन हळूच म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही हं. पण तिला जे पटलंय, ते बरोबर पटलंय." चेहरा एखाद्या बारशाच्या घरासारखा आनंदलेला. मला त्यांचा हेवा वाटला आणि माझी लाज वाटली.

निघताना नात दारापर्यंत आली. "काकू, कसलं भारी आहे हे! तू शिकवायचीस ना? मग बंद का केलंस?"

"पुस्तकात नाही गं आता."

"पण तुला तर येतं ना?"

घातलेल्या चपला मी उगाचच काढून पुन्हा घातल्या. वीस वर्षांत वर्गातून इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि तो विचारायला तिला मी नव्हे, काकांनी शिकवलं होतं.