शेपटाचं उत्तर

आमच्या सायकल ग्रुपचा एकच कडक नियम आहे. तो एकाने मोडला आणि हाड माझं मोडलं.

नियम असा. दर रविवारी उजाडता उजाडता आम्ही दहा-बारा जण एका ओळीत निघतो. सगळ्यात पुढे जो असेल त्याने रस्त्यावर नजर ठेवायची. खड्डा दिसला की हात खाली करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने ‘खड्डा’ म्हणून ओरडायचं. मागच्याने तेच त्याच्या मागच्याला सांगायचं. सगळ्यात शेवटी असतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शब्द शेपटापर्यंत आला की शेपटाने ‘पोचला’ म्हणायचं आणि तो शब्द तसाच तोंडातोंडी पुढे जायचा. ‘पोचला’ येईपर्यंत पुढच्याने वेग वाढवायचा नाही. आलाच नाही तर सगळ्यांनी थांबून मागे बघायचं, कारण शेपूट पडलेलं असू शकतं. हे सगळं मामांनी बसवलेलं. मामा म्हणजे एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर. कंडक्टरची घंटी ऐकल्याशिवाय त्यांनी जन्मात गाडी हलवली नाही, तीच खोड सायकलवर आली.

मी शाळांचे गणवेश शिवते. माडीवर सहा मशिनी आहेत, शिवायला बायका आहेत, पण कापड बेतणं आणि कापणं माझ्या एकटीच्या हातात. मोठी कात्री उजव्या हाताशिवाय चालत नाही. फेब्रुवारी ते जून आमचा सीझन असतो, आणि मी पडले जानेवारीत, ऐन हुरड्याच्या दिवसांत.

त्या रविवारी मंगळवेढ्याच्या बाजूला एकाच्या शेतावर हुरडा खायला निघालो होतो. पुढे होता मेडिकलवाला. आमच्याच पेठेत त्याचं औषधांचं दुकान आहे. ग्रुप त्यानेच जमवलेला, त्यामुळे पुढचा मान बहुतेक त्याचाच. त्याच्या मागे मी, माझ्या मागे मामा, त्यांच्या मागे अक्का. अक्का माझी शेजारीण, तेलुगू घरातली, घरी टॉवेलचे माग. जुन्या रस्त्याला एक उतार लागतो आणि खाली ओढ्यावरचा पूल. पुलाच्या तोंडाशी घमेलं मावेल एवढा खड्डा होता, हे मला नंतर कळलं. उतार सुरू झाला एवढंच आठवतं. त्यानंतर डोळे उघडले ते दवाखान्यात. कॉलर बोन आणि मनगट, दोन्ही उजवीकडचं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की मधली दोन-चार मिनिटं पुसली जातात, ती काही परत येत नाहीत.

ती मिनिटं मेडिकलवाल्याने भरून काढली. तिसऱ्या दिवशी पडद्यापलीकडे तो माझ्या नवऱ्याला सांगत होता, “मी हात दाखवला की हो. दोनदा ओरडलो. ताईंचंच लक्ष नव्हतं. सीझन तोंडावर आलाय, डोक्यात तेच चालू असणार.”

नवरा आत आला आणि म्हणाला, “तुला किती वेळा सांगितलं, रस्त्यावर असताना डोकं रस्त्यावर ठेव म्हणून.”

तळपायाची आग मस्तकात गेली. उठता येत नव्हतं, नाहीतर सलाईनच्या स्टँडसकट बाहेर गेले असते. पण रागाच्या मागून आणखी एक गोष्ट आत शिरली आणि ती जास्त वाईट होती. खरंच माझं लक्ष नसेल तर? मला काही आठवत नव्हतं. कशाच्या जोरावर भांडणार होते मी?

ग्रुपने मात्र मला उचलून धरलं. सख्ख्या बहिणींनी केलं नसतं एवढं केलं. कोणत्या वारी कोणाचा डबा, याची यादी माझ्या फ्रिजवर चिकटवलेली असायची. मामा मला स्कूटरवरून फिजिओकडे न्यायचे आणि प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी “धरा” म्हणायचे. बँकेत काम करणारा एकजण तर सुट्टीच्या दिवशी कात्री घेऊन बसला. मी खाटेवरून सांगायचे, तो खडूच्या रेषेवर कापायचा. पठ्ठ्याने एका अख्ख्या वर्गाच्या शर्टांना दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मी त्याला असं काही बोलले की माझंच मला हसू आलं.

आणि अक्का. एका हाताने वेणी घालता येत नाही म्हणून अक्का रोज सकाळी यायची. तेल लावायची, गुंता सोडवायची. मी तिच्याकडे पाठ करून बसलेली असायचे, आणि तोंड दिसत नसलं की माणूस खरं विचारतं. मी विचारायचे, “अक्का, माझंच लक्ष नव्हतं का गं?”

ती म्हणायची, “होतं असं. सोड आता.”

मेडिकलवाला तेवढा फिरकत नव्हता. औषधं घरपोच पाठवायचा. सोबत मोबाईलवर हात जोडल्याचं चित्र आणि ‘ताई, बरं वाटतंय ना’.

दुपारी पडल्या पडल्या मी मोबाईलवर ग्रुपचे जुने मेसेज चाळत राहायचे. दर रविवारी त्याचा एक व्हिडिओ ठरलेला. मोबाईल आपल्याच तोंडासमोर धरलेला, पुढे हा हसतोय आणि मागे आमची रांग. मी पडले त्या रविवारी मात्र व्हिडिओ नव्हता. त्या जागी त्याच्या नावाखाली एक ओळ होती. हा मेसेज काढून टाकला आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तशीच पुढे गेले होते. मार्चमध्ये एका दुपारी ती पुन्हा दिसली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याच्या हातात मोबाईल तो हात दाखवणार कुठला? ज्याचं तोंड मोबाईलकडे त्याला रस्ता दिसणार कसा?

पुरावा काही नव्हता, व्हिडिओ तर त्याने पुसून टाकलेला. पण त्या दिवसापासून मला बरं व्हायला कारण मिळालं. फिजिओ मनगट पिळायला लावायची तेव्हा मी मनातल्या मनात मेडिकलवाल्याची मान धरायचे. ती बिचारी म्हणायची, “ताकद चांगली येतेय हं तुमची.”

एप्रिलात मामांनी कुठून तरी दोन सीटांची सायकल पैदा केली. ग्रुपातल्याच एकाच्या पुण्यातल्या मेव्हण्याकडे धूळ खात पडली होती. मामा म्हणाले, “ताई, मागं बसा. नुसतं पायडल मारा. पुढचं आमी बघतो. न्हायतर पाय इसरतील की.”

मागच्या सीटवर बसल्यावर कळतं, तिथे माणूस किती लाचार असतो ते. समोर फक्त पुढच्याची पाठ. रस्ता दिसत नाही. हातात दांडी असते, पण ती वळत नाही. ब्रेक नाही. पुढचा नेईल तिकडे जायचं आणि तो मारेल त्या तालात पाय मारायचे. दर रविवारी पाळीपाळीने एकेकजण पुढे बसून मला फिरवून आणायचा. मेडिकलवाल्याची पाळी आली की त्याची कंबर धरायची, नाहीतर दुकानात माल यायचा, नाहीतर पाहुणे. बाकीचे म्हणायचे, जाऊ दे, मी येतो. मीही कधी आग्रह केला नाही. मला त्याची पाठ बघत बसायचं नव्हतं. मला तो माझ्या पाठीमागे हवा होता.

जूनमध्ये डॉक्टरांनी हँडल धरायला परवानगी दिली. तोवर सीझन माझ्या हातून गेला होता. ज्या शाळेचे गणवेश मी पहिल्या वर्षापासून शिवत आले, त्या शाळेची पोरं दुसऱ्याच्या हातचे शर्ट घालून माझ्या दारावरून जात होती. मी माडीवरून बघायचे, शिलाई लांबून दिसत नाही तरी बघायचे. एका संध्याकाळी अक्काला मागे बसवून मैदानावर त्या दोन सीटांच्या सायकलचे चार फेरे मारले. मनगट ठणकलं, पण वळत होतं.

रविवारी चौकात सगळे जमल्यावर मी सगळ्यांदेखत म्हटलं, “आज पुढं मी बसणार. आणि मागं भाऊ. सगळ्यांची पाळी झाली, यांचीच राहिली की.”

मेडिकलवाला हसला. “अहो ताई, माझी कंबर...”

“मागं बसून नुसतं पायडल मारायचंय. मी नाही का मारलं दोन महिने?”

त्याने मामांकडे बघितलं. मामांनी नजर दुसरीकडे वळवली. मला ते दिसलं, पण मी तेव्हा माझ्याच नादात होते. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बसला.

गावाबाहेर पडेपर्यंत मी छान गप्पा मारल्या. ऊन वाढत चाललंय म्हटलं, पावसाचं काही खरं नाही म्हटलं. जुन्या रस्त्याला लागल्यावर बोलणं बंद केलं. त्याला ते जाणवलं असणार, कारण त्याचे पाय ताल चुकायला लागले. उतार आला आणि मी ब्रेकवरची बोटं काढून घेतली.

“ताई, हळू.”

“इथं काय झालं होतं, भाऊ?”

“ब्रेक लावा ना, ताई.”

“ब्रेक माझ्याकडं आहे. जीभ तुमच्याकडं आहे. हात दाखवला होता का?”

दोन माणसांचं वजन उतारावर कसं धावतं ते बसल्याशिवाय कळायचं नाही. कानात वारा घुसत होता. पूल दिसायला लागला. खड्डा होता तिथेच होता, सहा महिन्यांत थोडा रुंदच झाला होता.

“पुढं खड्डा आहे,” मी म्हटलं. “मला दिसतोय. तुम्हाला दिसत नाही.”

“मोबाईल होता हातात,” तो ओरडला. “व्हिडिओ काढत होतो. नाही दाखवला हात, नाही ओरडलो. आईशप्पथ, ताई, ब्रेक लावा.”

मी ब्रेक दाबले आणि हँडल वळवलं. चाक खड्ड्याच्या काठावरून गेलं आणि सायकल पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. मनगटातून कळ निघाली ती थेट खांद्यात. तो म्हणाला म्हणून मी ब्रेक दाबले. तो गप्पच राहिला असता तर दाबले असते का, हे मला अजून सांगता येत नाही.

मागून सगळे आले. मामा तर अगदी जवळ होते, त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. मेडिकलवाला खाली उतरून पुलावरच बसला होता, पांढराफटक पडून. मी सायकल सोडली आणि सगळ्यांकडे वळले. मार्चपासून ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता.

“ऐकलंत का सगळ्यांनी?” मी म्हटलं.

कोणाला आश्चर्य वाटलं नाही. तेच मला आधी समजेना. कोणी ‘काय सांगता’ म्हणेना, कोणी त्याच्या अंगावर जाईना. बँकेतला हातमोज्याचं बटण लावत होता, काढत होता. मामांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं.

“ताई, आमाला म्हाईत हुतं.”

मग त्यांनीच सांगितलं. मला आत नेल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसून याने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता, किती अचानक झालं ते सगळ्यांना कळावं म्हणून. सगळ्यांनी बघितला. मग मामांनीच त्याला तो पुसायला लावला. ‘काढून टाकला आहे’ ही ओळ मी शंभर वेळा वाचली होती, पण काढून टाकायच्या आधी कोणी बघितलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“ग्रुप फुटला असता, ताई,” मामा म्हणाले. “म्हटलं, तुमी आदी बऱ्या व्हा, मग सांगू. मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं की.”

“त्या व्हिडिओत मी काय करत होते?”

मामा हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले. शेवटी अक्का बोलली, तिच्या हळू आवाजात.

“तू त्याच्या हाताकडं बघत होतीस. सारखी. हात कधी खाली येतोय म्हणून.”

ती रोज सकाळी माझ्या केसांत हात घालत होती. मी तिला रोज विचारत होते. तिला माहीत होतं आणि ती ‘सोड आता’ म्हणत होती. मेडिकलवाल्याची चूक एका मिनिटाची, तोही आता पुलावर बसून रडत होता. यांनी मला डबे दिले, फिरवून आणलं, आणि माझेच डोळे मला सहा महिने खोटे पाडू दिले.

घरी येऊन फ्रिजवरची ती यादी मी फाडून टाकली. अक्काने दुसऱ्या दिवशी दार वाजवलं, तेव्हा वेणी माझी मी घातली होती. वाकडी होती. तिने बघितली आणि परत गेली.

सगळ्यांना वाटलं, आता ही ग्रुप सोडणार. कशाला सोडू? दर रविवारी मी चौकात हजर असते, माझ्या सायकलवर. मेडिकलवाला आता खिशात मोबाईलसुद्धा ठेवत नाही, पुढे मामा असतात. मी कोणाशी भांडत नाही. रांग लागली की मी सगळ्यांना जाऊ देते आणि शेवटी लागते.

पुढून मामा ओरडतात, ‘खड्डा’. शब्द एकाकडून दुसऱ्याकडे येतो. माझ्या पुढे अक्का असते. ती मान वळवून मला सांगते. मला स्वच्छ ऐकू येतं, आणि मी काही बोलत नाही. मग नियमाप्रमाणे सगळी रांग हळू होते, थांबते, आणि एकेकजण मागे वळून बघतो, ताई पडल्या का म्हणून. मी सायकलवर नीट बसलेली असते. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते. सगळ्यांची तोंडं बघून झाली की हळूच ‘पोचला’ म्हणते.

दर खड्ड्याला असंच. आणि त्या रस्त्याला खड्डे काही कमी नाहीत.