आतोबांचं टायमिंग

आमच्या आतोबांइतका तिखट कानाचा माणूस ठाणे स्टेशनच्या पूर्वेला कधी झाला नाही आणि पश्चिमेला यापुढे होणार नाही, हे मी कोपिनेश्वराच्या देवळात उभी राहून सांगायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बाकीचं जग माणसाला चेहऱ्यावरून ओळखतं, आतोबा त्याच्या स्कूटरवरून ओळखायचे. कोपरीला राहायचे तेव्हा ओट्यावर पेपर वाचत बसलेले असत आणि मान वर न करता म्हणत, "दूधवाला आला. त्याला म्हणावं, प्लग साफ कर, नाहीतर उद्या दूध पायी आणशील." एकदा जेवताना घास हातात धरून ते आतल्या मिक्सरकडे कान लावून बसले आणि म्हणाले, "याचं बेअरिंग जायला आलंय. फार तर दोन चटण्या." दुसऱ्या चटणीला मिक्सर बसला. आत्याने त्यांच्या कानाचं कौतुक केलं नाही. "तुमची दृष्ट लागली त्याला," असं म्हणून तिने मिक्सरवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. डोंबिवलीला आम्ही त्यांना एका गाण्याच्या बैठकीला घेऊन गेलो होतो. गवयाने जीव ओतून तान घेतली, सगळी सभा "वा!" म्हणाली आणि पाठोपाठच्या शांततेत आतोबांचा खर्ज ऐकू आला, "तिसऱ्या पंख्याला तेल हवंय." तेव्हापासून आत्या गाण्याला एकटी जाते.

या कानाचं खरं चीज झालं ते गाडीमुळे. आतोबा वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्यात होते. कारखान्याच्या मालकांनी हौसेच्या काळात एक अमेरिकन गाडी घेतली होती: दोन दारांची, आठ सिलिंडरची आणि एवढ्या लांब नाकाची, की गाडी वळली तरी नाक थोडा वेळ सरळच जात राहायचं. कारखाना बंद पडला, यंत्रं गेली, पत्रेसुद्धा गेले. ही मात्र शेडमध्ये चारही टायर बसलेल्या अवस्थेत पडून होती. भंगारवाल्याने तिच्याकडे पाहून जिभल्या चाटलेल्या आतोबांना बघवल्या नाहीत. त्यांनी मालकांना गळ घातली आणि ती मागून घेतली. ट्रकला दोर बांधून गाडी कोपरीच्या अंगणात आली तेव्हा आत्या हळदकुंकू घेऊन बाहेर आली, कारण तिला वाटलं नवा फ्रीज आला. आणलंच आहे तर म्हणून तिने तेच कुंकू गाडीच्या नाकाला लावलं आणि मग आठवडाभर ती आतोबांशी बोलली नाही. त्या आठवड्यात त्यांनी इंजिन उतरवलं.

पुढची कित्येक वर्षं ते इंजिन आतोबांनी असं काही सुधारलं, की ज्या कंपनीने ते जन्माला घातलं तिनेही ओळखलं नसतं. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून कॅमशाफ्ट वेगळ्या मापाचा घासून घेतला, मोठा कार्बोरेटर बसवला, हेड तासून घेतलं. गाडीची ताकद वाढली, पण ती उभी असतानाही घसा खाकरणाऱ्या पैलवानासारखी धबड-धबड करू लागली. तिच्यासोबत आलेल्या जाड इंग्रजी पुस्तकात टायमिंगचा एक आकडा दिलेला होता, तो आता निरुपयोगी झाला. "तो आकडा तिच्या माहेरचा," आतोबा म्हणायचे. "ती आता आपल्या घरची झाली. आता आपणच तिला काय मानवतं ते बघायचं."

टायमिंग म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की विमा कंपनीतल्या माझ्या निम्म्या बढत्या ते ऐकता ऐकताच झाल्या असतील. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि पिस्टन तिला दाबत वर येत असतो. तो अगदी वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी, कारण आग पसरायलाही वेळ लागतो. ठिणगी उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि नुसती तापते. फार आधी पडली तर आग वर येणाऱ्या पिस्टनलाच थोबाडते आणि चढावर इंजिनातून पितळी डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो. तो आवाज येत राहिला, तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं. ही ठिणगी वाटणारा एक गोल डबा इंजिनावर असतो, त्याला गॅरेजवाले डेल्को म्हणतात. त्याचा बोल्ट सैल करून तो केसभर फिरवायचा, की ठिणगी पुढेमागे होते. आतोबांकडे त्यासाठी लुकलुकणारा एक दिवाही होता. तो चालत्या इंजिनाच्या पुलीवर धरला की पुलीवरची खूण जागच्या जागी थिजल्यासारखी दिसायची. पण दिव्यावर त्यांचा विश्वास बेताचाच. "दिव्याने सुरुवात करायची आणि कानाने शेवट," असं त्यांचं तत्त्व होतं. हे सगळं आत्याला पटावं म्हणून एकदा ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "अगं, साधं आहे. तेल तापायच्या आधी मोहरी टाकली तर काय होईल?" आत्या कढईतून मान वर न काढता म्हणाली, "मला फोडणी शिकवू नका, त्या गाडीला शिकवा."

एका दिवाळीत पहाटे ते दोघं आम्हाला भेटायला गाडीने डोंबिवलीला आले आणि फडके रोडवर शिरले. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर मुंगीला शिरायचं असेल तरी तिने नवा कुर्ता घालावा लागतो. तिथे हे नाक घेऊन आले. गर्दीत गाडी तापली, दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली. पोरांना पर्वणीच. "काका, एक फोटो!", "काका, बॉनेट उघडा ना, इंजिन बघू दे, भारी ए यार!" काकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि नव्या कपड्यांतल्या त्या घोळक्याला ठिणगी आधी का पडायला हवी, यावर व्याख्यान सुरू केलं. मी पोचले तेव्हा आत्या पैठणी नेसून, मांडीवर फराळाचा डबा घेऊन गाडीत बसली होती आणि खिडकीतून डोकावणाऱ्या अनोळखी मुलामुलींना चकल्या वाटत होती. "घ्या रे," ती म्हणत होती, "यांचं अजून अर्ध्यावर पण नाही आलेलं."

मग कोपरीचं घर पाडून तिथे इमारत उभी राहायची ठरली आणि दोघं बाळकुमच्या एका टॉवरमध्ये राहायला गेले. तिथे गाड्यांसाठी पिवळे चौकोन आखलेले आहेत आणि आतोबांच्या गाडीचं नाक त्या चौकोनातून वीतभर बाहेर येतं. रविवारी सकाळी त्यांनी गाडी चालू केली की आजूबाजूच्या चार गाड्यांचे भोंगे आपोआप रडू लागायचे आणि त्यांच्यापाठोपाठ वरच्या मजल्यांवरची बाळं. सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, "काका, आवाजाचं काहीतरी करा." आतोबा गंभीरपणे म्हणाले, "तेच करतोय. अजून थोडा खरखरीत आहे, मला मान्य आहे." सभा हसण्यात विरघळली, आणि गाडी सकाळी नऊनंतर चालू करावी एवढ्यावर निभावलं.

टायमिंग लावून झालं की परीक्षा घ्यायची ती घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढावर, हा नियम. दोनेक वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी बाळकुमलाच होते, म्हणून मलाही मागच्या सीटवर कोंबण्यात आलं. पुढे आतोबा आणि आत्या. आतोबा फार खुशीत होते. दोन दिवस खपून त्यांनी टायमिंग लावलं होतं. चढ सुरू झाला, त्यांनी पाय दाबला आणि इंजिनातून आवाज यायला लागला. पितळी डब्यात गोट्या. इतका स्पष्ट, की माझ्यासारखीलाही कळावा. आतोबा आरशातून माझ्याकडे पाहून हसत म्हणाले, "ऐकतेयस? लोणी!"

मला वाटलं, ते थट्टा करतायत. मी काही बोलणार तेवढ्यात आत्याने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. चढ संपल्यावर टपरीपाशी गाडी थांबली. चहा आला. आत्याने दोन घोट घेतले आणि मग ती म्हणाली, "अहो, ती वाजतेय."

"काय?"

"गाडी वाजतेय," ती जरा मोठ्याने म्हणाली. "चढावर. तुम्ही पाय दाबलात की."

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना तेवढं पुरलं.

"बराच वेळ?" त्यांनी विचारलं.

"आज सबंध चढ. मागच्या वेळी थोडा वेळ."

"मागच्या वेळी पण?" ते म्हणाले. चहा तसाच हातात निवला. मला एकदम एकेक गोष्ट उमगायला लागली: ते अलीकडे फोनवर नुसतं "हो, हो" म्हणायचे ते, टीव्ही एवढा मोठा लावायचे ते, दाराची बेल वाजली तरी पेपरातून मान वर करायचे नाहीत ते. आम्ही म्हणत होतो, वय झालं, विसराळू झाले. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की एक रिक्षा हॉर्न मारत पुढे गेली, आणि तिच्या इंजिनाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

गाडीवर कापड चढलं. महिने गेले. आत्याने डॉक्टरांचं नाव काढलं की ते उठून गॅलरीत जात. मी एकदा भीत भीत सुचवलं, "आतोबा, वागळे इस्टेटमधल्या कुणाला तरी दाखवू या का? टायमिंगच तर लावायचंय." ते चिडले नाहीत, हेच मला लागलं. नुसतं म्हणाले, "बाळ, ती पुस्तकातली गाडी नाही राहिली गं. तिला दुसऱ्याच्या हातात देऊन काय सांगू? मलाच ऐकू येत नाही ती काय म्हणते ते." आतोबांना उदास बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या वीतभर नाकाला पाय अडखळणारे सोसायटीतले लोकसुद्धा मला लिफ्टमध्ये विचारायला लागले, "काका बरे आहेत ना? आवाज नाही आला बरेच रविवार."

पुढे एका रविवारी मी जेवायला म्हणून गेले तर दाराला कुलूप. फोन लागेना. खाली पार्किंगमध्ये आले आणि थबकले. कापड निघालं होतं, बॉनेट उघडं होतं, इंजिन धबडत होतं. आतोबा डेल्कोवर वाकलेले आणि त्यांच्या शेजारी आत्या, पदर कमरेला खोचून, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून उभी. जन्मभर जिने त्या गाडीला 'सवत' याखेरीज दुसरं नाव दिलं नाही, ती आत्या डोळे मिटून आतोबांना हुकूम सोडत होती.

"अजून. जरा इकडे. नाही, फार झालं! मागे घ्या. आता कशी, एकसारखी बोलतेय. बस!"

आतोबांनी बोल्ट आवळला. मला पाहून आत्या एकदम ओशाळली. "यांना म्हटलं, तुम्ही फिरवा, मी सांगते," ती म्हणाली. "एवढी वर्षं हाच आवाज ऐकून कान किटलेत माझे. नाही कळणार तर काय?"

"तू कधी बोलली नाहीस," आतोबा म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्या दिवशी जेवण बाजूलाच राहिलं. आम्ही तिघं चढावर गेलो. आतोबांनी पाय दाबला आणि रस्त्याकडे पाहायचं सोडून ते आत्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागले, म्हणून मी मागून ओरडले, "समोर बघा!" अर्ध्या चढावर आत्या म्हणाली, "किंचित आहे. डाळीत खडा लागावा तसं." त्यांनी गाडी कडेला घेतली, केसभर डेल्को फिरवला, पुन्हा खालून सुरुवात केली. या खेपेला चढ संपेपर्यंत ती काही बोलली नाही. वर पोचल्यावर म्हणाली, "गप्प आहे." आतोबांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि चष्मा काढून पुसत बसले.

त्यानंतर ते आपणहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. यंत्र मिळालं. ते माणसांसाठी बरं आहे, पण त्यातून गाडी रॉकेलच्या डब्यासारखी ऐकू येते, असा त्यांचा निकाल. म्हणून माणसांसाठी यंत्र आणि गाडीसाठी आत्या, अशी वाटणी झाली. आत्याच्या बोलीतले खडा, मुंग्या, करवत असे आवाजाचे प्रकार आतोबा आता लेथवाल्यालाही ऐकवतात, आणि तो बिचारा मान डोलावतो.

आता आतोबांचे हात थरथरतात. केसभर फिरवायला जावं तर बोटभर फिरतं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी डेल्कोला हात लावलेला नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत. पण रविवारी गायमुखला जाणं सुटलेलं नाही. परवा मीही गेले होते. चढ लागला, त्यांनी पाय दाबला आणि मला मागे बसून अगदी बारीक ऐकू आलं, डाळीतल्या खड्याइतकं. मी आत्याकडे पाहिलं. तिला ते माझ्याआधी ऐकू आलं असणार.

आतोबांनी विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे," आत्या म्हणाली. "पण जरा हळू घ्या ना. मला खाडी बघायचीय."

त्यांनी पाय सैल सोडला. आवाज थांबला. गाडी संथपणे चढत राहिली आणि उजव्या हाताला झाडांच्या फटीतून खाडीचं राखी पाणी दिसू लागलं.

"तुला खाडी कधीपासून आवडायला लागली गं?" आतोबांनी विचारलं.

"आत्ताच," आत्या म्हणाली, आणि काच खाली करून पाण्याकडे बघत राहिली.